दहा व्होल्टची पेटी

जुन्या बाजारातून शाळेसाठी आणलेल्या मल्टिमीटरला मी माझी पेटी जोडली. ही पेटी बरोबर दहा व्होल्ट देते. तीस वर्षं मी तिच्यावरूनच मीटर तपासत आलोय. आकडा आला ९.९९६३.

"जवळजवळ चार मिलिव्होल्ट कमी," म्हणत मी मीटरचं सील फोडायला स्क्रूड्रायव्हर उचलला. आतला आकडा जुळवणारा, कारखान्यात बसवलेला स्क्रू एकदा हलला की मूळ जागी परत येत नाही.

"सर, थांबा ना!" आठवीतल्या प्रांजलने माझं मनगटच धरलं. "तासभर गरम झाल्याशिवाय आकडा वाचायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मीटर सकाळपासून चालू आहे, पण पेटी तुम्ही आत्ता चालू केलीत."

मी स्क्रूड्रायव्हर ठेवला आणि खुर्ची ओढून बसलो. ती दर दहा मिनिटांनी आकडा फळ्यावर लिहीत राहिली. तो हळूहळू चढला आणि तासाभराने १०.०००० वर थांबला.

"मीटर पास!" ती ओरडली.

"म्हणजे सर नापास!" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो.

तपासलेल्या मीटरवर चिठ्ठी चिकटवतात. तिच्यावर 'तपासनीस' या शब्दापुढे आजवर माझंच नाव असायचं. आज मी ठळक अक्षरांत लिहिलं: प्रांजल तोडकर, आठवी ब.