पाण्याचा जोर

घरातले पाइप तीस वर्षांचे, गंजून आतून निम्मे बुजलेले. स्वयंपाकघरात नळ सोडला की बाथरूममधला शॉवर बंद पडायचा. प्लंबरने तीन दिवस भिंती फोडून सगळे पाइप बदलले आणि घरातले सगळे नळ एकदम सोडून दाखवले. कुठेच धार बारीक झाली नाही.

"आता अंघोळीला अंघोळ म्हणता येईल!" नवरा खूश झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शॉवरखाली गाणं म्हणत उभा राहिला, तो पाऊण तास बाहेर आलाच नाही. मुलगी खांद्यावर टॉवेल टाकून दार बडवत राहिली आणि तिची ऑफिसची बस चुकली. बायकोने सवयीने स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला. आत दुसरं कडवं सुरू झालं.

राहिलेलं प्लास्टर करायला प्लंबर आला, तेव्हा तिने त्याला ओट्यापाशी बोलावून हळूच विचारलं, "भाऊ, बाथरूमचं पाणी बंद करायचा एक व्हॉल्व्ह इथे बसवता येईल का?"



"येईल की, वहिनी. आमच्या हिने तर माझ्याच हातून बसवून घेतलाय. नाहीतर मी कसला रोज वेळेवर कामाला पोचतोय!"