डावी दोरी

"आधी मधला कणा, मग पंख. गडबड नको," वाळूत बसलेले आप्पा म्हणाले.

वृंदाने काळी कांडी खोबणीत सरकवली. अर्धांगाच्या झटक्यानंतर दहा महिन्यांनी बापाने आज आपणहून पतंग मागितला होता, दोन हातांनी दोन दोऱ्यांवर नाचवायचा, कसरतींचा. त्यांचा डावा हात मात्र ओल्या फडक्यासारखा मांडीवर पडलेला.

हैदराबादच्या नोकरीला आज संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. पतंग जोडता जोडता सांगून टाकू, असं मनाशी घोकतच ती समुद्रावर आली होती. एकेक कांडी बसली, कापड ताठ झालं. सांगायचं तेवढं राहिलं.

"दोऱ्या सारख्या आहेत ना? बोटभर फरक पडला तरी भोवरा होतो त्याचा."

"मोजल्यात. आप्पा, मला ना..."

"थांब गो बाय, वारा आलाय." उजवी दोरी त्यांनी मनगटात अडकवली, डावी तिच्या हाती दिली. "माझा डावा हात तू."

पतंग उठला. "ओढ!" तिने ओढलं. तो डावीकडे लवला, लाटेवरून पाखरासारखा घसरला आणि सरळ वर चढला. आप्पा खदखदून हसले. ते हसू घर विसरूनच गेलं होतं.

"हां, काय सांगत होतीस?"

दोरी तळव्यात थरथरत होती. तिने हात सैल सोडला असता, तर पतंग गरगरत वाळूत आला असता.

"काही नाही," ती म्हणाली. "उद्या किती वाजता यायचं, एवढंच."