आधी त्याला विचारा

"ह्यांना कुणाला भेटायचंय?" मुख्य कार्यालयाच्या दारातल्या वॉचमनने ताईला विचारलं.

"मला काय विचारता? तो काय टपालाचं पुडकं आहे, मी पोचवायला आणलेलं?" ताई म्हणाली. "तोंड आहे त्याला. त्याला विचारा."

वॉचमन वरमला. धाकट्याकडे बघून त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. धाकट्याने श्वास घेतला, ओठ जुळवले. मागे माणसं खोळंबली होती.

"तक्रारी ऐकणाऱ्या बाईंना. दुसरा मजला," ताईने सांगून टाकलं आणि त्याचा दंड धरून ती जिन्याकडे निघाली.

धाकटा म्हणजे चांगला चौतिशीचा बाप्या. जन्मापासून त्याचा शब्द घशातून ओठांवर यायला वेळ लागायचा, एवढंच. बाकी कशात तो उणा नव्हता. ह्याच कार्यालयाच्या हाताखालच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत तो नाजूक तराजू पारखायचा. शेजारी कुणी शिंकलं तरी आकडा हलावा असे तराजू. आकडा स्थिरावेपर्यंत वाट का बघायची, हे त्याने एकदा जेवताना समजावून सांगायला घेतलं होतं. "कळलं रे, घाई करायची नाही," असं म्हणून ताईने त्याच्या पानात वाढलं होतं.

आई गेल्यापासून ताईच त्याची ढाल. बँकेत ती, दवाखान्यात ती, त्याच्या फोनवरही तीच. परवाचा फोनही तिनेच उचलला. धाकट्याने तक्रार केली आहे, सुनावणी आहे, असं बाई म्हणाल्या. "तुम्ही त्यांच्या बहीण ना? मग तुम्हालाही यावं लागेल."

ताईला भरून आलं. एवढ्या कारभारात एकीला तरी अक्कल होती. धाकट्याने आपल्याला न विचारता तक्रार केली हे तिला जरा लागलं. पण पोराने शेवटी हिंमत केली होती. कुणाविरुद्ध, हे विचारायची गरजच नव्हती; प्रयोगशाळेतल्या त्याच्या विभागप्रमुखाविरुद्धच.

तो विभागप्रमुख खोलीत आधीच येऊन बसला होता. तोही कुठे, तर भिंतीकडेच्या खुर्चीत, पायावर पाय टाकून, लग्नातल्या व्याह्यासारखा. बाईंनी ताईला मात्र अगदी आपल्यासमोर बसवलं. ताईच्या कपाळाची शीर उडायला लागली.

"ये रे, ये," विभागप्रमुख धाकट्याला म्हणाला. मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून.

"कान शाबूत आहेत त्याचे," ताई म्हणाली. "तुमच्याहून बरे."

बाईंनी दोघांनाही थांबवलं. मग त्या धाकट्याकडे वळल्या. "तुमची तक्रार तुमच्या तोंडून ऐकायची आहे. सावकाश सांगा."

धाकट्याने टेबलाची कड धरली. त्याचा जबडा हलला, मान ताणली गेली. ताईला ते बघवेना. परक्या माणसांपुढे त्याची अशी शोभा!

"मी सांगते," ती म्हणाली, आणि मग ती थांबलीच नाही. हा माणूस त्याच्या देखत इतरांना विचारतो, ह्याला कळलं का म्हणून. शाबासकी द्यायची तर गाल थोपटतो, घरच्या कुत्र्याला थोपटावं तसे. मध्यंतरी नव्या मुलांपुढे त्याला उभं करून बोलायला लावणार होता. तमाशाच मांडायचा होता. तिने वेळेवर फोन करून ते हाणून पाडलं म्हणून बरं. आणि आता नव्यांना शिकवायची जागा निघाली, तर ती मिळाली कुणाला? कालपरवा मिसरूड फुटलेल्याला.

"पण फोन करून तुम्हीच तर..." विभागप्रमुखाने तोंड उघडलं.

"तुम्ही बोलूच नका! आयुष्यात एकदा तरी त्याला विचारलंत, बाबा रे, तुझं म्हणणं काय?"

विभागप्रमुखाने पायावरचा पाय खाली घेतला. ताईला बरं वाटलं. वर्षानुवर्षं छातीत साठलेलं सगळं आज बाहेर पडलं होतं. ती धापा टाकत धाकट्याकडे वळली. तो तिच्याकडे बघत नव्हता. घामेजलेले तळवे तो पँटला पुसत होता.

"ह्यांचं सांगून झालं," बाई त्याला म्हणाल्या. "आता तुम्ही. तुमची तक्रार कुणाविरुद्ध आहे?"

"साहेबांविरुद्..." ताईने सुरुवात केली. बाईंनी तिच्याकडे न बघताच हात वर केला. तो हात तसाच राहिला.

धाकट्याने डोळे मिटले. पहिला शब्द अडला. मागे गेला, पुन्हा आला. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. ताईच्या जिभेवर अख्खं वाक्य तयार होतं; दातांमागे तिने ते कसंबसं धरून ठेवलं होतं.

मग धाकट्याने डोळे उघडले. एकेक शब्द बाहेर आला, जड, पण पुरा.

"माझी तक्रार ताईविरुद्ध आहे."