शेवटची तिरकी रेघ

"आई, फोल्डरच्या नावापुढे शेवटी स्लॅश द्यायचा, सांगितलं होतं ना तुला?" स्क्रीनवरची नजर न हलवता मुलगा म्हणाला.

आईने ती तिरकी रेघ दिली नव्हती. नुसतं 'गोष्टी' लिहून ती मोकळी झाली होती. मग मुलाने घरच्यांसाठी बनवलेल्या प्रोग्रॅमने फोल्डरचं आणि फाइलचं नाव सरळ एकमेकांना चिकटवलं. 'गोष्टी'च्या आत 'पहिली' जायची, ती बाहेरच 'गोष्टीपहिली' होऊन बसली. मग 'गोष्टीदुसरी'. अशा एकोणीस. आणि फोल्डरबाहेर दिसेल ते कचरा समजून दर रविवारी पुसून टाकायचं, ही हुशारीही त्याच प्रोग्रॅमची.

"परत मिळतील?"

"नाही. आता मी तरी काय करू? स्लॅश लागतो हे कुणालाही कळतं."

आईचं डोकं सणकलं. "कुणालाही म्हणजे कुणाला? मी जन्मभर शाळेत शिवण शिकवलं. रेघ आहे की नाही, एवढं तुझ्या प्रोग्रॅमला बघता येत नाही?"

"येतं. एक ओळ लिहावी लागते."

"मग?"

"राहून गेली."

राहून गेली म्हणे. जसं काही येताना दूध आणायचं राहिलं.

वडील कॉटवर बसून ऐकत होते. छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस. महिन्यापूर्वी ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढलं. त्याच्या आदल्या आठवड्यात, सुनेला सातवा लागला तेव्हा, येणाऱ्या नातवंडासाठी त्यांनी रोज बसून या गोष्टी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. त्यांच्या आवाजाचं तेवढंच काय ते उरलं होतं.

त्यांनी वही ओढली. 'गोष्टीपहिली' असं लिहिलं आणि लाल पेन्सिलीने दोन शब्दांच्या मधोमध उभी रेघ मारली, इतकी दाबून की कागद फाटला. चिकटलेले शब्द तोडायची ही खूण त्यांनी हजारो वेळा केली असेल. खाली लिहिलं, 'हे काम वाचकाचं नसतं.' आणि वही मुलाच्या पुढ्यात आपटली.

मुलाने वाचलं. आईने तोंड फिरवलं होतं. वडील त्याच्याकडे एकटक बघत होते, आणि ते बघणं त्याला सोसवेना.

"चुकलं माझं, बाबा," तो म्हणाला. "पण असे गप्प नका ना बसू. शिव्या घाला, काहीतरी बोला."