तिसऱ्या मजल्यावरची सभा

बायपासनंतर छातीत जरा धडधडलं की कोरगावकरबाईंचं धाबं दणाणायचं. डॉक्टर म्हणाले, “हृदयमित्र मंडळात जा, धीर येईल.”

मंडळाला नगरसेवकांनी मोठ्या मनाने सभागृह दिलं होतं, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टचं उद्घाटनही झालं होतं. लिफ्ट तेवढी यायची होती.

पहिल्या मजल्यावरच बाईंना धाप लागली. तिथे पायऱ्यांवर चारपाच म्हातारे निवांत बसले होते. एका आजोबांनी सरकून जागा केली, पाणी दिलं. “टाके अजून ओढतात का हो?” त्यांनी विचारलं. घरात हे कुणी विचारलं नव्हतं. बाई मोकळेपणी बोलत राहिल्या.

मग दचकून उठल्या. “अगंबाई, वर सभा सुरू झाली असेल! अध्यक्ष काय म्हणतील?”

“बसा हो, अध्यक्ष मीच,” आजोबा म्हणाले. “वर अजून कुणी पोचलेलंच नाही.”