समुद्रासाठी शाई

दहावीच्या वर्गाची भूगोलाची क्षेत्रभेट सूतगिरणीत होती. बाईंनी प्रश्नावलीतला एकेक प्रश्न प्रत्येकाला वाटून दिला होता. थोरलीने सातवा भांडून घेतला होता, कारण तो रंगविभागाचा होता आणि तिथे तिचे बाबा होते. आठवडाभर तिने वर्गात दवंडी पिटली होती. घरी मात्र चकार शब्द काढला नव्हता. बाबांना त्यांच्या कामावरच गाठायचं होतं.

गिरणीचे साहेब भले गृहस्थ. कापसाच्या गाठींपासून सगळं हौसेने दाखवत होते. थोरलीने घसा साफ करून विचारलं, रंगविभागात किती कामगार आहेत?

"तो विभाग बंद करून आठ महिने झाले, बाळ. माणसंही तेव्हाच कमी केली. तिथे शून्य लिही."

त्यांनी दाखवलेल्या दाराला कुलूप होतं आणि कुलपावर कोळ्याचं जाळं. शेजारची मैत्रीण काही विचारणार, तोच थोरलीने वहीत शून्य लिहून टाकलं. थोरलीच्या डोक्यात एकच घोळत होतं. बाबा रोज डबा घेऊन निघतात आणि संध्याकाळी त्यांची नखं रंगाने निळी झालेली असतात. कालसुद्धा होती.

घरी येऊन तिने अहवालाचा नकाशा भरायला घेतला. निळ्या शाईची दौत बाहेर, दारालगतच्या फळीवर असायची. बाबा डब्याची पिशवी अडकवतात त्या खिळ्याशेजारी. आज दौतीत तळाशी थोडीशीच शाई उरली होती. नकाशात नद्या त्या किती, आणि दौत मात्र महिन्याला रिकामी. त्यापायी तिने धाकटीला दोनदा धपाटे घातले होते. मी नाही घेत गं ताई, असं ती पोर कानीकपाळी ओरडत होती.

दौत हातात धरून थोरली त्या खिळ्याकडे बघत बसली. मग तिला रडू फुटलं. धाकटीसाठी, बाबांसाठी, आणि आठ महिने डोळे असून आंधळ्या राहिलेल्या स्वतःसाठी.

फाटक वाजलं तशी ती धडपडत उठली. दौत होती तिथे ठेवली, झाकण सैल केलं आणि आत येऊन नकाशावर वाकली. बाहेर पिशवी अडकवल्याचा आवाज आला. मग दौतीचं झाकण हळूच उघडल्याचा.

बाबा हात पुसत आत आले. आज कामाने कंबर मोडली म्हणाले, आणि तिच्या खांद्यावरून डोकावले.

"नद्या छान काढल्यास. समुद्र का कोरा?"

"शाई जपून वापरतेय, बाबा."

बाबांनी नकाशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती मान वर करीना. त्यांनी निळी नखं हळूच मुठीत मिटून घेतली.