पाटी नसलेलं दार

समोरच्या फ्लॅटच्या दारावर पाटी नव्हती, आणि सलोनीच्या मते हा सरळसरळ पुरावा होता.

अकरावीतल्या सलोनीने इतके थ्रिलर वाचले होते की तिला माणसं दिसायचीच मुळी पात्रांसारखी. नव्याने राहायला आलेला, फारसं न बोलणारा मुलगा म्हणजे संशयित. नेमके गरजेच्या वेळी कामावर असलेले आईबाप. सगळ्यांचे लाडके सर, ज्यांच्यापासून जपून राहायचं. आणि एक हुशार मुलगी, जिचं शेवटच्या प्रकरणापर्यंत कुणी ऐकत नाही. ही मुलगी कोण, ते सांगायला नको. भाईंदरच्या त्यांच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरवरून होणाऱ्या भांडणापलीकडे कधी काही घडत नसे, त्यामुळे समाधान नावाचा मुलगा समोर राहायला आल्यापासून तिला भलताच हुरूप आला होता.

रविवारी संध्याकाळी आई म्हणाली, "समोरून जरा विरजण घेऊन ये गं. आपलं दही संपलंय."

सलोनी वाटी घेऊन निघाली ती तपासालाच.

दार समाधाननेच उघडलं. त्याची आई, वैजयंताकाकू, हॉस्पिटलात ड्युटीवर होत्या. सलोनीने वाचायला दिलेलं पुस्तक त्याच्या हातात होतं, पानांत बोट घालून धरलेलं.

"मैत्रिणीनेच केलंय सगळं," तो म्हणाला. "जास्तच गोड बोलते ती."

"शेवट वाचलास?"

"नाय. अंदाज."

सलोनीला तो मनापासून आवडला. पण संशयित आवडणं हाही पुस्तकांतला ठरलेलाच प्रकार, म्हणून तिने स्वतःला आवरलं. तो दही काढायला आत गेला आणि ती मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली.

"तुमच्या दारावर पाटी का नाहीये?"

"राहिलीये लावायची."

"लेटरबॉक्सवर पण नाहीये. कॉलेजच्या ग्रुपवर पण तू नुसता समाधान. हे बघ, पुस्तकात असा मुलगा आला ना, की त्याचं नाव तरी खोटं असतं, नाहीतर तो कुणापासून तरी लपत असतो."

समाधान हसला. "मग मी यातला कुठला?"

"कळेलच. तुझं आडनाव काय?"

चमचा वाटीतच थांबला. ओठांवरचं हसू होतं तिथेच राहिलं, पण तो काही आता हसत नव्हता.

"कशाला हवंय?"

"क्लू," सलोनी म्हणाली. ती अजून खेळातच होती. "सगळ्यात आधी हेच विचारतात."

"हो. काशीमीऱ्याच्या आधीच्या बिल्डिंगमध्ये पण सगळ्यात आधी हेच विचारलं होतं."

"मग?"

"मग काय, आईने सांगितलं. महिना संपायच्या आत ओनर बोलला, फ्लॅट भाच्याला द्यायचाय." त्याने दह्याच्या डब्याला झाकण लावलं. "भाचा काय आला नाय. अजून रिकामाच आहे तो. इथले जितेशभाई बरे आहेत, ओनर असून. त्यांना सगळं माहितीये. फक्त एवढंच बोलले, पाटी रहने दो, फालतू में कोई कुछ बोलेगा."

सलोनीला स्वतःची लाज वाटली, चांगलीच. तिच्या पुस्तकांत ज्याच्याकडे लपवण्यासारखं असतं त्याने काहीतरी करून ठेवलेलं असतं. या मुलाने काहीही केलं नव्हतं.

वाटी तिच्या हातात देताना त्याने आडनाव सांगितलं. वर्गात हजेरीच्या वेळी सांगतात तसं, साध्या आवाजात.

"कुणाला सांगू नको, असं नाय बोलणार मी," तो म्हणाला. "तुझं तू बघ."

घरी आईने दूध कोमट करून ओट्यावर ठेवलं होतं. तिने वाटी हातात घेऊन पाहिली. "छान घट्ट लावतात हो." मग वाटी तशीच पातेल्यावर धरून तिने अगदी लाडात विचारलं, "आडनाव कळलं का गं त्यांचं?"

"तुला कशाला हवंय?"

"अगं, सहज. कमिटीचे आत्मारामकाका विचारत होते. आणि समोरासमोर राहायचं, तर कोण, कुठले, माहीत नको का आपल्याला? आडनावावरून कळतं ना माणूस."

सलोनी आईकडे बघत राहिली. ताप आला की उशाशी बसून राहणारी आई. कुरिअरवाल्यालाही पाणी विचारल्याशिवाय न पाठवणारी आई. सलोनीने वाचलेल्या एकाही पुस्तकात असं पात्र नव्हतं.

"अगं, बोल ना. कळलं का?"

"कळलं," सलोनी म्हणाली.

आई वाट बघत होती. वाटी पातेल्यावर तशीच, जराशी कललेली. दूध निवत चाललं होतं.

सलोनीने पुढे होऊन वाटी तिच्या हातातून घेतली, दही दुधात ओतलं आणि बोटाने ढवळलं.